वॉटर स्कूटर निवडताना आधी काय बघावं: हॉर्सपॉवर की बूड?

सिंहगडपायथा | शनिवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी.

मी धायरीला राहतो. माझ्या मामेभावाचा मालवणजवळ देवबागला होमस्टे आहे आणि जलक्रीडेचा रीतसर परवाना आहे. त्याच्याकडची वॉटर स्कूटर आता थकली आहे. दुसरी घ्यायची तर निम्मे पैसे मी घालणार. दिवाळी ते मे ती पर्यटकांसाठी चालेल, आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार मी जाऊन स्वतः चालवीन. आजवर पंधरा-वीस वेळा चालवली आहे, सगळी खाडीतच. समुद्रात एकदाच नेली होती आणि पाठ चार दिवस दुखत होती.

समोर तीन वापरलेल्या गाड्या आहेत. सी-डू स्पार्क, दोन माणसांची, ९० हॉर्सपॉवर. यामाहा व्हीएक्स, तीन माणसांची. आणि कावासाकी अल्ट्रा ३१०. भावाचं मन अल्ट्रावर बसलंय. विक्रेत्याला फोन केला तर त्याने अर्धा तास इंजिन आणि टॉप स्पीड सांगितला. मी विचारलं, "बूड कसं आहे?" तर म्हणाला, "साहेब, बूड सगळ्यांचं सारखंच असतं."

मला हे पटलेलं नाही. त्या एका दिवसात लाटेवर गाडी जशी आपटत होती, तशी खाडीत एकदाही आपटली नव्हती. डेडराईज, चाइन, स्पॉन्सन हे शब्द वाचलेत, पण त्यांचा माझ्या पाठीशी आणि मागे बसणाऱ्या पर्यटकाशी काय संबंध ते कुणी समजावून सांगेल का? आणि उन्हाळ्यात ती पानशेतला आणता येईल का?

वल्हेकरी | शनिवार, रात्री ११:३२

विक्रेत्याचं सोडून द्या. तुमची शंका अगदी बरोबर आहे.

मी पुण्यात सीओईपी कॉलेजच्या बोट क्लबवर चार वर्षं वल्हवलं आहे. मुळा-मुठा संगमाच्या त्या पाण्यावर पहिल्याच आठवड्यात जे कळतं ते तुमच्या कामाचं आहे. पंट ही सपाट बुडाची रुंद होडी. तिच्यात नवशिक्या उभा राहिला तरी ती हलत नाही. स्कलचं बूड गोल आणि अरुंद. तिच्यात बसताना वल्ही पाण्यावर आडवी धरली नाहीत तर माणूस सरळ पाण्यात. पण पंटमध्ये बसून मोटरबोटीची लाट आडवी घ्या: अख्खी होडी लाटेबरोबर कलंडते, कारण सपाट बूड पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहतं. पृष्ठभाग तिरका झाला की होडी तिरकी.

म्हणजे स्थिरता दोन प्रकारची असते. उभ्या पाण्यावरची वेगळी आणि कललेल्या पाण्यावरची वेगळी. शोरूमच्या बाहेर किंवा जेटीला बांधलेल्या गाडीवर बसून बघाल तर पहिलीच कळेल. दुसरीसाठी पाण्यातच जावं लागतं.

म्हणून माझा प्रश्न: तुमची गाडी दिवसातला जास्त वेळ कुठे असणार? खाडीच्या आत, संगमाच्या तोंडावर, की बाहेर समुद्रात? आधी पाणी ठरवा. बूड त्याच्यावरून ठरेल.

फायबरवाला भोसरी | रविवार, सकाळी ७:४५

मी भोसरीत एफआरपीचं, म्हणजे फायबरचं काम करतो. गेली काही वर्षं कोकणातून बोटी आणि स्कूटरची बुडं दुरुस्तीला येतात. उलटी करून ठेवलेली गाडी रोज बघतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

गाडी उलटी केली की मधोमध नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागेपर्यंत एक धार दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना बूड वर चढत जातं. आडव्या रेषेपासून ते किती अंशांनी चढतं तो डेडराईज. शून्य म्हणजे पाट. पाट पाण्यावर आडवा आपटून बघा, हाताला झिणझिण्या येतात. तोच पाट धारेवर धरून पाण्यात घाला, आवाजही होत नाही. सगळं शास्त्र एवढंच आहे. अल्ट्राचा डेडराईज साडेबावीस अंश आहे. वॉटर स्कूटरमध्ये हा खोल व्ही मानतात. नांगराच्या फाळासारखं ते बूड लाट चिरत जातं, म्हणून भर समुद्रात त्या गाडीचं नाव आहे.

पण खोल व्हीची किंमत मोजावी लागते. एक, ती उभी असताना डुलते, कारण पाण्यावर टेकायला रुंद तळ नाही. दोन, पाण्यावर उचलली जायला तिला जास्त ताकद लागते. सपाट बूड थोड्या वेगाला तरंगत वर येतं. खोल व्हीला ढकलावं लागतं, आणि अल्ट्राचं वजन पेट्रोलसकट पावणेपाचशे किलोच्या घरात आहे. १४९८ सीसीला सुपरचार्जर उगाच लावलेला नाही. टाकी ७८ लिटरची आहे ती का, हे भावाला विचारा. दिवसभर पर्यटक फिरवून ती टाकी भरायची कुणी, हेही विचारा.

स्पार्क दुसऱ्या टोकाला. वजन दोनशे किलोच्या आत-बाहेर, लांबी पावणेतीन मीटरच्या थोडी वर, बूड उथळ. हलकी असल्यामुळे ६० हॉर्सपॉवरलाही उड्या मारते. शांत पाण्यात तिच्याइतकी मजा दुसरी गाडी देत नाही, हे मनापासून सांगतो. मागचं टोक घसरवत वळवता येते, गोल फिरवता येते. पण बाहेर लाट उठली की ती लाटेच्या वर-खाली जाते, लाटेतून जात नाही. आणि चालवणारा डोक्यापासून पायापर्यंत भिजतो.

आता चाइन. बुडाची तिरकी बाजू वर जाऊन जिथे उभ्या भिंतीला मिळते तो कोपरा म्हणजे चाइन. कोपरा धारदार असेल तर वळताना आतल्या बाजूचा कोपरा पाण्यात रुततो आणि गाडी रुळावरून जावी तशी वळते. गोलसर असेल तर ती सरकते. सरकणं वाईट नाही. नवशिक्याला सरकणारी गाडी माफ करते, रुतणारी गाडी बाहेर फेकते. मागच्या दोन बाजूंना जे पंखासारखे तुकडे बोल्टने लावलेले असतात ते स्पॉन्सन. ते खाली बसवले की वळणात पकड वाढते, वर घेतले की कमी होते. जुनी गाडी घेताना ते बोल्ट हलवून बघा. तिथूनच पाणी आत झिरपतं.

बुडाला लांबीच्या दिशेने ज्या पट्ट्या असतात त्या स्ट्रेक. त्या पाणी खाली दाबून गाडी उचलतात आणि सरळ ठेवतात. झिजलेल्या किंवा ओबडधोबड दुरुस्त केलेल्या स्ट्रेकची गाडी एका बाजूला ओढते. हे हँडलवर कळतं, फोटोत कळत नाही.

व्हीएक्स या दोघींच्या मधे. लांबी ३ मीटर ३५ सेंटिमीटरच्या आसपास, रुंदी सव्वा मीटरच्या जवळ, वजन तीनशे ते साडेतीनशे किलो, मॉडेलप्रमाणे.

खाडीकाठ | रविवार, सकाळी ९:२०

माका विचारशात तर देवबागात पाणी एक नाही, तीन आहेत. मी तारकर्लीचा, म्हणून लिहितो.

आत कर्ली नदी. तिथे पाणी तेलासारखं, सकाळी दहापर्यंत तर आरसाच. बाहेर अरबी समुद्र, त्याची लाट लांब असते. मोठी असली तरी लांब, तिच्यावर चढून उतरता येतं. आणि तिसरं पाणी संगमाच्या तोंडावरचं. ओहोटीला नदी बाहेर जोराने निघते आणि समोरून दर्याची लाट येते. दोघांची टक्कर होते तिथे लाट उभी राहते, आखूड आणि कडक. वाळूचे दांडेही तिथेच सरकत असतात. आमच्या हयसर होड्यांचे अपघात झाले ते बहुतेक याच पट्ट्यात.

पर्यटकांच्या फेऱ्या बहुतेक आतल्या पाण्यात आणि थोड्या तोंडाजवळ होतात. अल्ट्राचा साडेबावीस अंश त्यांना कधी कळणारच नाही. फोटो काढायला ते गाडी उभी करायला सांगतात, आणि उभी गाडी डुलते तेव्हा घाबरून चालवणाऱ्याच्या कमरेला मिठी मारतात. मोठ्या होडीचं पठाण, म्हणजे बुडाचा कणा, चांगलं असलं तरी ती किनाऱ्याला कामाची नसते, तसंच हे.

वेग_आवडतो | रविवार, सकाळी ११:०५

थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्या मित्राकडे अलिबागच्या बाजूला खोल व्हीची जड गाडी आहे. डिसेंबरात दुपारचा वारा सुटल्यावर आम्ही दोन गाड्यांवर निघालो होतो, एक ती आणि एक हलकी. हलकीवरचा माणूस वीस मिनिटांत उभ्यानेच चालवायला लागला, बसणं शक्य नव्हतं. जड गाडीवर आम्ही बोलत बोलत गेलो. परत येताना मी हलकीवर होतो आणि मधेच इंजिन नुसतं किंचाळायचं, गाडी पुढे जायची नाही.

वेगासाठी नाही, समुद्रात सुखरूप परत येण्यासाठी जड गाडी असावी असं माझं मत आहे. अल्ट्रा इतक्या सहज बाद करू नका.

फायबरवाला भोसरी | रविवार, दुपारी १२:४०

@वेग_आवडतो, तुमचा अनुभव खरा आहे आणि कारणही बुडातच आहे. जेट पंप पोटाखालच्या जाळीतून पाणी ओढतो. हलकी, उथळ बुडाची गाडी लाटेवरून उडाली की जाळी हवेत येते. पंपात हवा शिरली की इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, मोकळा फिरतो, आवाज चढतो, धक्का मिळत नाही. खोल व्हीचं पोट पाण्यात राहतं म्हणून ती ओढत राहते. कुणी रोज बाहेर जाणार असेल तर मीही तुमच्या बाजूने आहे.

लांबीचाही एक हिशोब आहे. दोन लाटांच्या माथ्यांमधलं अंतर गाडीच्या लांबीपेक्षा कमी असेल तर गाडी एका माथ्यावरून दुसऱ्यावर टेकत जाते, खड्ड्यात पडत नाही. संगमावरच्या आखूड लाटेत पावणेतीन मीटर आणि सव्वातीन मीटर यांत पाठीला कळेल एवढा फरक पडतो. सिंहगडपायथा, तुमची पाठ दुखली त्यात बसण्याचाही वाटा असेल. खवळलेल्या पाण्यात बसून राहायचं नाही. पाय किंचित वाकवून अर्धं उभं राहायचं, गुडघ्यांनी धक्का घ्यायचा आणि लाट नाळेच्या जरा बाजूने, तिरकी घ्यायची.

मुठाकाठ | रविवार, दुपारी ३:१५

पानशेतबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या साखळीचं पाणी पुणे शहर पितं. धरणांचे जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात, त्यामुळे परवानगीशिवाय इंजिनची कुठलीही गाडी पाण्यात उतरवता येत नाही. देशांतर्गत पाण्यातल्या यांत्रिक जलयानांसाठी २०२१ चा कायदाही आहे, त्यात नोंदणी आली. देवबागचा परवाना दाखवून पानशेतला गाडी सोडता येणार नाही. तिथे ज्यांच्याकडे परवानगी आहे त्यांच्याच गाडीवर बसा. आपल्याच घरच्या नळाला येणारं पाणी आहे, त्यात पेट्रोल-ऑइलचा तवंग नको, हे मला फार वाटतं.

शिवाय मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा घाटातून चढून थेट दरीत शिरतो. धरणाचा फाटा लांब आणि अरुंद, वारा त्याच्या लांबीच्या दिशेने, त्यामुळे फूटभराची आखूड लाट तासाभरात तयार होते. आणि तेव्हाच पाणी खाली गेलेलं असतं, काठाचे काळे कातळ अर्धवट बुडालेले. सकाळी जिथून गेलात तिथे पुढच्या आठवड्यात दगड असतो.

शहरातल्या नदीचं तर नावच काढायला नको. जलपर्णी जाळीत अडकली की जेट पंप मेलाच.

पोहणारी | रविवार, रात्री ९:५०

मी एक गोष्ट विचारते जी वर कुणी लिहिली नाही. पडल्यावर परत वर चढता येतं का?

गेल्या वर्षी कोकणात एका ठिकाणी मी आणि माझी बहीण एका स्कूटरवर होतो, चालवणारा मागे. वळणात तिघेही पडलो. मी नियमित पोहते, लाईफ जॅकेट होतं, भीती वाटली नाही. पण वर चढताना गाडी प्रत्येक वेळी आमच्या बाजूला कलायची आणि आम्ही परत पाण्यात. बहीण पाचव्या प्रयत्नाला रडायला लागली. हाताला काही धरायला नव्हतं, मागे पायरी नव्हती. दहा मिनिटं लागली असतील, ती मला अर्ध्या तासासारखी वाटली.

तेव्हापासून मी गाडीचा पुढचा भाग बघत नाही, मागचा बघते. मागे रुंद आहे का, पाण्यात खाली उघडणारी पायरी आहे का, सीटच्या मागे धरायला कडी आहे का.

आणखी एक, हे सगळ्या मुलींनी आणि बायकांनी वाचावं. या गाड्यांवर कंपनीनेच लेबल लावलेलं असतं की जाड निओप्रिनची पँट घाला. मागे पडताना जेटच्या झोतासमोर आलं तर पाणी जोराने शरीरात शिरून आतल्या अवयवांना गंभीर इजा होते. साध्या स्विमसूटने संरक्षण होत नाही. आपल्याकडे मागे बसणारीला ते कुणी सांगत नाही. भाऊंनी पर्यटकांसाठी चार-पाच मापांच्या पँट ठेवल्या तर मी त्यांच्याकडे नक्की येईन.

सिंहगडपायथा | रविवार, रात्री १०:३०

ताई, तुम्ही लिहिलंत ते भावाला आत्ताच पाठवलं. पँटचं तो लगेच करतो म्हणाला. खरं सांगतो, आम्हाला दोघांनाही हे माहीत नव्हतं.

मुठाकाठ, पानशेतचा विचार सोडला. मुद्दा पटला.

खाडीकाठ दादा, फेऱ्या तुम्ही म्हणता तशाच आहेत. दहातल्या आठ कर्लीत, दोन तोंडापर्यंत. बाहेर फक्त मी जातो, तेही वारा नसेल तर.

एक शंका राहिली. स्पार्कवर दोन माणसं बसली तर चालेल ना? तिची किंमत बरीच कमी आहे.

वल्हेकरी | सोमवार, सकाळी ८:१०

दोन माणसांच्या स्पार्कची भारक्षमता १६० किलो आहे. तुमचा चालक ऐंशी किलोचा आणि पर्यटक ऐंशी किलोचा असेल तर तुम्ही काठावर आलात, सामान वेगळंच. बूड हलकं असलं की माणसांचं वजन गाडीच्या वजनाच्या तुलनेत फार होतं. दोनशे किलोच्या गाडीवर १६० किलो माणसं म्हणजे गाडी किती कलणार ते माणसं ठरवणार. साडेतीनशे किलोच्या गाडीवर तेच दोघे बसले तर ती स्वतःचं ऐकते.

तीन माणसांची स्पार्क लांबीला ३ मीटर ५ सेंटिमीटर असते, ती जरा बरी पडेल. पण तुमच्या धंद्याला तिच्यावरही ताण येईल असं मला वाटतं. एकट्याने खेळायला मात्र ती उत्तम.

फायबरवाला भोसरी | सोमवार, रात्री ८:५५

एक मुद्दा स्पार्कच्या बाजूने. तिचं बूड पॉलिप्रॉपिलिनमध्ये काचेचे तंतू घालून ओतलेलं असतं, सी-डू त्याला पॉलिटेक म्हणते. रंग पदार्थातच असतो, त्यामुळे वाळूवर ओढून ओरखडा पडला तरी पांढरी रेघ उठून दिसत नाही आणि जेलकोटचा, म्हणजे वरच्या चकचकीत थराचा खर्च नाही. पण खोल चीर गेली तर माझ्यासारखा माणूस ती रेझिनने भरू शकत नाही, प्लास्टिक वेल्डिंग लागतं. फायबरच्या बुडाला जेलकोट लवकर खरवडतो, पण दुरुस्ती कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला येते. मालवणच्या पट्ट्यात ही मोठी सोय आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे हाताळणीत येतं पण बूड बघून दिसत नाही. या गाडीला सुकाणू नसतं. हँडल वळवलं की मागची नोझल वळते आणि पाण्याचा झोत वळतो. झोत आहे तर वळण आहे. थ्रॉटल सोडला की झोत गेला आणि हँडल हातात नुसतं फिरतं. गाडी सरळ जात राहते, जड असेल तितकी जास्त.

पहिल्या वर्षी माझं हेच झालं होतं. जेटीजवळ आलो, समोर नांगरलेली होडी दिसली, घाबरून थ्रॉटल सोडला आणि हँडल पूर्ण डावीकडे. गाडी नाकासमोर गेली. होडीवरच्या माणसाने पाय लावून माझी नाळ बाजूला ढकलली म्हणून वाचलो. त्याने मला शिवी दिली नाही. म्हणाला, "घाबरलास की गॅस दे आणि वळ." ते वाक्य मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

सी-डूने २००९ पासून काही मॉडेलांना पाण्यावरचा ब्रेक दिला, यामाहाने २०१५ पासून राईड नावाची प्रणाली आणली. दोन्हीत नोझलमागची बादलीच्या आकाराची झडप खाली येते आणि झोत पुढच्या दिशेने फेकला जातो, म्हणून गाडी थांबते आणि तिच्यावर ताबा राहतो. वापरलेली व्हीएक्स घेताना हे आहे का ते आवर्जून विचारा, सगळ्या व्हीएक्सना नसतं. पर्यटकांच्या धंद्यात मी पन्नास हॉर्सपॉवर सोडीन पण ही बादली सोडणार नाही.

वेग_आवडतो | सोमवार, रात्री ९:४०

हे वाचून माझं मत बदललं. दहातल्या आठ फेऱ्या शांत पाण्यात असतील तर जड गाडी थांबवणं हाच प्रश्न मोठा. व्हीएक्सला माझं +१.

खाडीकाठ | मंगळवार, सकाळी ६:३०

बघायला जाल तेव्हा भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. भरतीच्या स्थिर पाण्यावर सगळ्या गाड्या चांगल्या वाटतात. विक्रेत्याला सांगा, ओहोटी सुरू झाल्यावर दोन तासांनी भेटू.

फायबरवाला भोसरी | मंगळवार, रात्री १०:०५

बघायला जाताना टॉर्च घेऊन जा. आधी गाडी ट्रेलरवर असताना जाळीतून आत बघा. इम्पेलरच्या पात्यांच्या कडा वाळूने खाल्लेल्या असतील. पाती आणि भोवतालच्या वेअर रिंगमध्ये फट जास्त दिसली तर गाडी उचलायला वेळ घेईल, तो दोष बुडाचा नसून पंपाचा असेल. जाळीभोवती बुडाला बारीक तडे आहेत का, बोटाने चाचपा. मागच्या ड्रेनच्या दोन बुचांखाली भांडं ठेवून ती उघडा, किती पाणी येतं आणि त्यात तेल आहे का. परत लावायला विसरू नका, दोन बुचं न लावल्यामुळे बुडलेल्या गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.

मग पाण्यात. चालू करून आधी उभीच ठेवा आणि एका बाजूच्या कडेवर उभे राहा. मग नागमोडी. मग मध्यम वेगात हँडल सरळ धरून हात सैल सोडा, कुठे ओढते बघा. मग कुणीतरी मुद्दाम पाण्यात उडी मारून मागून चढा. ताईंनी सांगितलेली ही चाचणी मी आजवर करत नव्हतो, आता करीन.

उलटी झाली तर सरळ कशी करायची याचं लेबल मागे असतं. सांगितलेल्या दिशेनेच फिरवा, उलट दिशेने फिरवली तर इंजिनात पाणी जातं.

आणि यामाहा, कावासाकीमध्ये थंड करायला बाहेरचंच पाणी इंजिनभोवती फिरतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रोज गोड्या पाण्याने धुवायची. क्रम चुकवायचा नाही: आधी इंजिन चालू, मग नळ. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरपर्यंत पोचतं.

सिंहगडपायथा | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ११:२०

मंडळी, काल देवबागहून परतलो. कोल्हापूरमार्गे फोंडा घाटाने गेलो होतो.

अल्ट्रा बघितलीच नाही. मालकाने ओहोटीला बोलावलं तर यायला नकार दिला.

स्पार्क बघितली. मी ७८ किलो, भाऊ ८० किलो, दोघे बसलो आणि ती उभी केली. मागची कड पाण्याला टेकली. चालायला लागल्यावर अर्धा तास इतकी मजा आली की घ्यावी असं दोघांनाही वाटलं. मग तोंडाजवळ गेलो. आखूड लाट होती, फार मोठी नाही, गुडघ्याएवढी. तिसऱ्या लाटेला इंजिन किंचाळलं, जसं वर लिहिलंय तसंच. भावाने मागून खांद्यावर थाप मारली, परत चल.

दुपारी व्हीएक्स. राईड असलेली होती. तीच जागा, तीच ओहोटी, आता पाणी थोडं जास्तच खवळलेलं. अर्धं उभं राहून चालवली. आपटली नाही असं म्हणणार नाही, पण प्रत्येक आपट कधी येणार ते आधी कळत होतं आणि पाय तयार राहत होते. आज दुसरा दिवस आहे आणि पाठ ठीक आहे. उभी करून मी डाव्या कडेवर उभा राहिलो, ती कलली आणि एका जागी थांबली. भावाची बायको पाण्यात उतरून मागून चढली, दुसऱ्या प्रयत्नात. पायरी आहे, कडी आहे.

दोष निघाले. वेअर रिंगमध्ये नख जाईल एवढी फट होती आणि उजव्या स्पॉन्सनचा एक बोल्ट फिरत होता. ते दाखवून किंमत कमी करून घेतली. फायबरवाला दादा, स्पॉन्सनच्या जागेला आतून लॅमिनेट (फायबरचा थर) द्यायचं असेल तर गाडी भोसरीला आणू का, की तिथलाच होडीवाला पुरे?

फायबरवाला भोसरी | सोमवार, सकाळी ७:१५

अभिनंदन! एवढा घाट कशाला चढवता. तिथल्या होडीवाल्याला दाखवा, फक्त बोल्टभोवतीचा भाग आधी पूर्ण सुकवून घ्या, खारं पाणी आत राहिलं तर लॅमिनेट सुटेल. बोल्ट स्टेनलेसचे, ३१६ ग्रेडचे घ्या आणि मरीन सीलंट लावून बसवा. वेअर रिंग मात्र अस्सल कंपनीचीच.

पोहणारी | सोमवार, सकाळी १०:४०

वहिनींना सांगा, पुढच्या वेळी लाईफ जॅकेटचा पट्टा कमरेला घट्ट आवळून चढून बघायला. सैल असलं की ते गळ्याशी येतं आणि हात उचलता येत नाहीत. त्यामुळेच पहिला प्रयत्न फसला असेल.

सिंहगडपायथा | सोमवार, रात्री ९:०५

विचारलं. अगदी तेच झालं होतं.